उत्पादन थांबलेला किंडल ओॲसिस घ्यावा की नवा पेपरव्हाइट?

ॲमेझॉनने ई-पुस्तके वाचण्याच्या आपल्या किंडल यंत्रांपैकी ओॲसिस बाजारातून काढून घेतला असला, तरी पान उलटण्यासाठी खरी बटणे असलेला किंडल हवा म्हणून तो सेकंडहँड शोधणारे वाचक आजही आहेत. मात्र या एकाच नावाखाली तीन निरनिराळी उपकरणे विकली गेली. २०१६ च्या सहा इंची ओॲसिसची मोठी बॅटरी त्याच्या कव्हरमध्ये होती आणि तो वॉटरप्रूफ नव्हता; २०१७ मध्ये सात इंची, ॲल्युमिनियमचा, वॉटरप्रूफ ओॲसिस आला; प्रकाशाची छटा पिवळसर करण्याची सोय मात्र २०१९ च्या आवृत्तीतच मिळाली. विचार करायचाच तर तो या शेवटच्या आवृत्तीचा करावा.

हातात धरल्यावर ओॲसिसला आजही तोड नाही. त्याची एक कड जाड असल्याने सारा भार तळव्यात येतो, अंगठा आपोआप बटणांवर टेकतो आणि हात बदलला की मजकूरही स्वतःहून फिरतो. २०२४ च्या किंडल पेपरव्हाइटचा पडदाही सात इंचीच असून अक्षरांची स्पष्टता दोन्हींत सारखीच, म्हणजे ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) आहे. पण त्याला बटणे नाहीत आणि १८८ ग्रॅमच्या ओॲसिससमोर त्याचे वजन २११ ग्रॅम भरते.

ओॲसिसची खरी अडचण बॅटरीची आहे. रोज अर्धा तास वाचन धरून कंपनीने नव्या ओॲसिससाठी सहा आठवड्यांचा, तर पेपरव्हाइटसाठी बारा आठवड्यांचा दावा केला होता. ई-पेपरला, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या या पडद्याला, वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते हे खरे, परंतु दिवा आणि वाय-फाय ती सतत खातात. त्यात वापरलेल्या ओॲसिसची बॅटरी आधीच थकलेली असणार आणि ती बदलण्यासाठी घट्ट चिकटवलेले यंत्र उघडावे लागते. चार्जिंगही जुन्या मायक्रो-यूएसबीनेच होते. जुन्या यंत्राच्या वॉटरप्रूफपणावरही विसंबू नये.

ज्यांना केवळ बटणे हवी आहेत, त्यांनी दुसऱ्या कंपनीचा, रंगीत पडद्याचा कोबो लिब्रा कलर अवश्य पाहावा. तो ईपब (ई-पुस्तकांचा एक प्रचलित प्रकार) फाइल थेट वाचतो, पण रंगीत थरामुळे त्याचा पडदा किंचित करडा दिसतो आणि किंडलवर विकत घेतलेली पुस्तके त्यावर सहसा उघडत नाहीत. त्यामुळे ज्यांचा संग्रह किंडलवर आहे आणि ज्यांना वारंवार चार्जिंग चालते, त्यांनीच ओॲसिस घ्यावा. इतरांना पेपरव्हाइट बरा. ओॲसिस घेताना तो आधीच्या मालकाच्या खात्यातून काढला आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी स्वतःचे खाते जोडून पाहावे.