हेजहॉग कॅक्टस: एक हिवाळा आणि एक बहर सांभाळल्यानंतर

आधी निकाल सांगते. कडक ऊन येणारी जागा असेल आणि पाणी घालण्याचा मोह आवरत असेल, तर हे झाड जरूर घ्या. घरातल्या टेबलावर शोभेला ठेवायचं असेल तर घेऊ नका. तिथे ते मरणार नाही कदाचित, पण फिकट आणि लांबुडकं होत जाईल आणि फुलाचं नाव काढणार नाही.

हेजहॉग कॅक्टस या नावाखाली एकायनोप्सिस हा वेगळा कॅक्टसही विकतात. मी बोलतेय ते एकायनोसेरियसबद्दल. जॉर्ज एंगेलमन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४८ मध्ये ही प्रजाती वेगळी मांडली. मूळ वस्ती मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, म्हणजे दिवसा रणरणतं ऊन आणि हिवाळ्यात कोरडी थंडी. त्या कोरड्या थंडीशिवाय बहर धरत नाही, आणि आपण कमी पडतो ते नेमकं तिथेच.

माझ्याकडे एकायनोसेरियसचे दोन प्रकार आहेत: रुबिस्पिनस आणि लेस कॅक्टस. थंडी सुरू झाल्यावर पाणी पूर्ण बंद. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली गेलं तरी कुंड्या बाहेरच, फक्त पावसापासून आडोशाला. झाडं आक्रसली, कडा सुरकुतल्या, लेस कॅक्टस तर मातीत खचल्यासारखा दिसायला लागला. घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी 'अगं, थोडं पाणी घाल की' म्हणून झालं. घालायचं नाही. अंगातलं पाणी कमी करणं ही त्याची थंडी सोसायची तयारी असते, आणि गार, ओल्या मातीत मुळं कुजतात.

वसंतात मात्र बघत बसावं असं काही घडतं. कळी बाहेरून लागत नाही, ती खोडाच्या आत तयार होते. काट्यांच्या गादीच्या जरा वर हरभऱ्याएवढा फुगवटा येतो, साल ताणली जाते आणि एके दिवशी चक्क फाटते. त्या चिरेतून लोकरी, काटेरी टोक डोकावतं. कळ्या स्पष्ट दिसल्यावर मी पाणी सुरू केलं: एकदा भरपूर, मग माती पूर्ण सुकेपर्यंत काही नाही.

रुबिस्पिनसचं फूल उमललं की झाड जवळजवळ झाकून जातं. पाकळ्या भडक गुलाबी, घशाशी पांढुरक्या, मध्ये पिवळे पुंकेसर आणि त्यातून वर आलेला हिरवागार स्त्रीकेसर. हा हिरवा तुरा एकायनोसेरियसची ओळखच. फूल दिवसा उघडतं, संध्याकाळी मिटतं आणि असं काही दिवस चालतं. हमिंगबर्डसाठी फुलणारे क्लॅरेट कप (हेही एकायनोसेरियसच) रात्रीही मिटत नाहीत म्हणे; पुढची खरेदी तीच.

तक्रारी आहेत. एवढ्या कौतुकाचा बहर वर्षातून एकदाच, आणि तोही पटकन आटोपतो. काटे इतके दाट की पिठ्या ढेकूण आत घर करून बसला तरी कळत नाही. मी भिंग घेऊन शेंड्याकडून बुंध्याकडे बघत जाते. तो मुळांवरही लागतो, म्हणून कुंडी बदलताना तिथे पांढरी पावडर दिसतेय का ते पाहा. नर्सरीतली कोकोपीटवाली माती तर पहिल्याच आठवड्यात काढून टाका. अर्ध्याहून जास्त खडी किंवा प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), बाकी थोडी माती, एवढं पुरे. खत द्यायचंच तर कमी नायट्रोजनचं; नाहीतर झाड नुसतं फुगतं.

फुलं नसतानाचे महिने कंटाळवाणे जातील असं वाटलं होतं, पण रुबिस्पिनसचे नवे काटे शेंड्याला लालभडक येतात आणि खाली जुने होत फिके पडतात, त्यामुळे वर्षभराची वाढ पट्ट्यांत दिसत राहते. काटे अंगालगत चपटे असल्याने हाताळताना फारसे टोचतही नाहीत. लेस कॅक्टसला बाजूने पिल्लं फुटतात, हा आणखी एक फायदा.

घेताना एवढं करा. खोडावर जुन्या फुलांचे व्रण शोधा. ते असले तर झाड फुलण्याच्या वयाचं आहे. आणि थेट डोक्यावर मधोमध रंगीत, कागदी वाटणारं फूल दिसलं तर हळूच खालून बघा. बऱ्याचदा ते गोंदाने चिकटवलेलं सुकं फूल असतं.