मटका सिंचन: लातूरच्या उन्हाळ्यात साडेचार महिने वापरल्यावर

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कुंभाराकडून 14 मडकी आणली आणि परसात गळ्यापर्यंत पुरली. आता जून अर्धा झालाय. मधल्या काळात एकदाही टँकर मागवला नाही, आणि गवार, चवळी, तांदुळजा, वांगी, मिरची एवढी भाजी आमच्या पाच माणसांच्या घराला बऱ्यापैकी पुरली. बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून चांगलं-वाईट दोन्ही सविस्तर लिहिते आहे.

आधी कशासाठी केलं ते सांगते. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. मांजरा धरण आटलं होतं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. त्या उन्हाळ्यात आमच्या परसातलं पंधरा वर्षांचं लिंबाचं झाड वाळलं. भांडी विसळलेलं पाणी रोज बादलीभर घालत होते, पण वरच्यावर ओतलेलं ते पाणी दुपारपर्यंत उडून जायचं. ते झाड तोडलं त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. तेव्हापासून जानेवारी सरली की माझ्या डोक्यात पाण्याचा हिशेब सुरू होतो.

आमच्या भागात नळाला साधारण आठवड्याने पाणी येतं. 3000 लिटरचा हौद आणि गच्चीवर 1000 लिटरची टाकी. घरखर्च काटकसरीने केला तरी आठवड्याला अडीच-तीन हजार लिटर जातं. नळ लांबला तर म्हणून उरलेलं राखून ठेवते, त्यामुळे झाडांसाठी दिवसाला 30 लिटरच्या वर हात जात नाही. पूर्वी झारीने एवढ्याच वाफ्यांना 60-70 लिटर घालत होते आणि तरी दुपारी वांग्याची पानं मान टाकायची.

मडक्याचं काम असं चालतं: भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. बाहेरची माती कोरडी झाली की ती पाणी ओढून घेते, ओली असेल तेव्हा झिरपणं मंदावतं. पाणी थेट मुळांपाशी जातं आणि वरची माती कोरडीच राहते, म्हणून तणही कमी उगवतं. ही युक्ती फार जुनी आहे, चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणातही ती सापडते. आणि आपण तरी वैशाखात तुळशीला गळती बांधतोच की. थेंब थेंब पाणी दिलं तर झाड उन्हाळा काढतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

मडकं निवडताना घाई करू नका. मी दुकानातली रंगवलेली, चकचकीत मडकी आधी बघितली होती, ती या कामाची नाहीत, रंगाने छिद्रं बुजतात. कुंभारवाड्यात गेले आणि कशाला हवीत ते सांगितलं. तिथले मामा म्हणाले, "ताई, पाणी गार करणारं मडकं न्या, तेच झिरपतं. लीद आणि राख मिसळलेली माती असते त्याची." प्रत्येक मडकं बोटाने वाजवून घेतलं. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर असते. घरी आणून रात्रभर भरून ठेवली. सकाळी 14 पैकी 13 बाहेरून सारखी ओलसर होती, एक मात्र कोरडंठाक. मामांनी ते न बोलता बदलून दिलं. 5 लिटरचं एक मडकं 90 रुपयांना, झाकणं 15 रुपयांची. रिक्षाभाडं धरून सगळे मिळून 1620 रुपये गेले.

आमची जमीन काळी. उन्हात ती तडकते आणि भेगांमधून पाणी भलतीकडेच निघून जातं. म्हणून मडक्याच्या तिप्पट रुंद खड्डा घेतला आणि काढलेल्या मातीत शेणखत व थोडी वाळू मिसळून तीच परत भरली. वाळूमुळे माती मोकळी राहिली. ही मेहनत टाळू नका. माझ्या एका मैत्रिणीने नुसता खड्डा करून मडकं ठेवलं, एप्रिलमध्ये भोवतीच्या मातीने भेग घेतली आणि मडक्याला मातीचा स्पर्शच राहिला नाही. स्पर्श सुटला की झिरपणं संपलं. मडक्याचा गळा मात्र दोन-तीन बोटं जमिनीच्या वर ठेवा, नाहीतर माती आत पडते. वर दिसणाऱ्या भागाला मी चुना फासला, ऊन कमी लागावं म्हणून. वाफ्यांवर उसाचं पाचट चार बोटं जाड पसरलं. इथे पाचट मागितलं की मिळतं, आणि पाण्याची निम्मी राखण तेच करतं असं माझं मत झालंय.

एका मडक्याभोवती वीतभर अंतरावर चार-पाच रोपं बसतात. त्यापलीकडे ओल पोचत नाही, हे मी सळई खुपसून पाहिलं. दर दिवसाआड संध्याकाळी मडकी भरते, प्रत्येकात सरासरी साडेतीन लिटर मावतं. म्हणजे दिवसाला 25 लिटरच्या आत सगळी बाग. मेमध्ये पारा 42 च्या आसपास होता तेव्हाही हिशेब 30 च्या वर गेला नाही. लग्नासाठी तीन दिवस गावाला गेलो होतो, परत आलो तर मडकी तळाला लागलेली, पण झाडं ताठ होती. माझ्यासाठी याचा सगळ्यात मोठा फायदा हा.

आता अडचणी. पहिली, बी पेरल्यावर मडकं लगेच उपयोगी पडत नाही. कोवळी मुळं ओलीपर्यंत पोचायला दोन आठवडे लागतात, तोवर वरून पाणी द्यावंच लागतं. मार्चमध्ये हे माझ्या लक्षात आलं नाही आणि गवारीची पहिली पेरणी अर्धी वाया गेली.

दुसरी अडचण क्षारांची. नळाचं पाणी लांबलं तेव्हा दोन आठवडे शेजारच्या बोअरचं पाणी वापरलं. ते जड आहे. एप्रिलअखेर चार मडकी भरलेली तशीच राहू लागली. उकरून काढली तर आतबाहेर पांढरा थर. नारळाच्या शेंडीने घासली, व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवली, तेव्हा तीन पूर्ववत झाली, एक गेलं ते गेलंच. शुद्धीकरण यंत्राचं वाया जाणारं पाणी याच कारणाने मडक्यात घालू नका, ते फरशी पुसायला ठेवा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीही मडक्यात नको, आत बुळबुळीत थर धरतो आणि वास येतो. ते थेट कढीपत्त्याला घालते.

तिसरी, आणि हिच्याबाबत कोणीही ढिलाई करू नये: डास. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. झाकण घट्ट बसत नसेल तर खालून सुती कापड बांधा. मी दर रविवारी सगळी मडकी पूर्ण आटू देते, आतून हात फिरवते आणि सोमवारी भरते. पिण्याच्या पाण्याच्या पिंपांनाही हाच नियम लावलाय.

कोणती भाजी टिकली? गवार आणि चवळी नंबर एक. तांदुळजा कापला की पुन्हा फुटत राहिला. मिरची उत्तम, पण तिच्यावर आणि वांग्यावर मी पश्चिमेच्या बाजूने हिरवी जाळी बांधली होती. टोमॅटोची झाडं जगली, फुलं मात्र मेच्या उन्हात गळून पडली. त्याला पाण्याचा नाही, उष्णतेचा दोष. कोथिंबीर तीन आठवड्यांत फुलावर गेली. भेंडीवर पांढरी माशी आली आणि पाठोपाठ हळद्या रोग. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्याबरोबर झाडं उपटून टाकली.

ठिबकशी तुलना सगळेच विचारतात. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला संच वापरला होता. आमच्या पाण्याने तोट्या महिन्याभरात चोंदल्या आणि खारींनी नळ्या कुरतडल्या. शेतासाठी चांगलं ठिबक हवंच, त्यात वाद नाही. पण पंधरा-वीस फुटांच्या परसाला मडकी मला जास्त भरवशाची वाटतात. कुंडीत मात्र हा प्रयोग करू नका. मडक्यानेच कुंडी भरते, मुळांना जागा राहत नाही.

बाग एवढी हिशेबाने लावण्यामागे टंचाईची आठवण आहे. पाण्याची गाडी आली त्याच्या आदल्या दिवाळीच्या सुमारास, 2015 मध्ये, तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली होती, डाळमिलांच्या या आमच्या गावातसुद्धा. म्हणून वर्षाची डाळ मी मार्चमध्येच घेते, कडक ऊन देते, एरंडेलाचा हात लावून कोठीत भरते. मडक्यांवरची जास्तीची गवार मीठ घालून किंचित वाफवली आणि गच्चीवर कापडाखाली वाळवली. दोन बरण्या भरल्यात. हिवाळ्यातला हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवलेला आहेच. जून-जुलैत मंडईत पालेभाजी महागते तेव्हा हाच पाला ज्वारीच्या भाकरीबरोबर खातो. यंदा घरच्या मिरच्यांची सांडगी मिरचीही झाली. सासूबाईंनी स्वतः दही-मीठ लावून उन्हात घातली, वय झालं तरी त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी स्टीलची दोन पिंपं वेगळी ठेवते. मेमध्ये गढूळ पाणी आलं तेव्हा तुरटी फिरवून निवळलं, गाळलं आणि उकळून घेतलं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, म्हणून उकळणं चुकवू नये. ही सोय झाडांच्या पाण्यापासून वेगळीच असू द्या. दोन्ही एकाच पिंपातून घ्यायला लागलं की आधी झाडं उपाशी राहतात.

काय बदलेन? मडकी 5 ऐवजी 8 लिटरची घेईन, भरण्याची फेरी तीन दिवसांवर जाईल. झाकणं मातीचीच, पण वजनदार. आणि कुदळ वापरताना मडक्याजवळ काठी रोवून ठेवीन, कारण दोन मडकी माझ्याच कुदळीने फुटली.

14 पैकी 11 शाबूत आहेत. मृगाच्या सरी सुरू झाल्यात, त्यामुळे नऊ मडकी काढून, घासून, पालथी घालून कोठीत ठेवली. उरलेली दोन नव्या लिंबाच्या रोपाशी आहेत. ती काढली नाहीत. पावसाने ताण दिला तर लागतील. रोपाला नवी पालवी फुटली आहे, आणि सासूबाई रोज सकाळी झाकण उचलून आत डोकावतात.