दोन गंजक्या बेरिंग आणि माझे साडेपाच हजार

लांबलंय थोडं, पण ज्यांच्याकडे एमटीबी (डोंगरात, चिखलात चालवायची माउंटन बाईक) आहे त्यांनी वाचा, नाशकातल्यांनी तर नक्कीच. चाकाच्या बेरिंग बदलतो म्हणून मला गंडवणाऱ्या सायकल दुकानाचं नाव टाकत नाही, उगाच वाद नको, आणि खरं सांगायचं तर असली दुकानं एकच असतील असंही नाही.

सायकल हार्डटेल आहे, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे, चाकं 29 इंची. मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, सील्ड (झाकणबंद) बेरिंगवाला, दोन बेरिंग हबच्या बॉडीत आणि दोन फ्रीहबमध्ये (गिअरची चक्रं बसतात तो भाग) अशा एकूण चार. शनिवार-रविवार पांडवलेणीच्या मागे नाहीतर चामरलेणी, पावसाळ्यात अंजनेरीचा चिखल. 2015 ला नाशिकच्या महाजन बंधूंनी रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) पूर्ण केली तेव्हापासून आपल्याकडे सायकलीचं जे वेड आलं त्यात मीही वाहत गेलो, फक्त ते अमेरिका पार करून आले आणि मी रविवारी मिसळ खाऊन घरी येतो.

तर गेल्या जूनमध्ये मागचं चाक घरघर करायला लागलं. चाक काढून एक्सल दोन बोटांत धरून फिरवला की वाळू भरल्यासारखी खरखर, आणि बसवलेल्या चाकाला टायर धरून आडवं हलवलं की टकटक असा बारीक खेळ लागायचा. यात चूक माझीच होती हे आधीच कबूल करतो, प्रत्येक चिखलाच्या राईडनंतर मी सायकल वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरने धुवायचो आणि तो गनवाला पोरगा नेमका हबवर जोर काढायचा. सील कितीही रबरी असू दे, तेवढ्या प्रेशरला पाणी आत जातंच, ग्रीस धुऊन निघतं आणि मग छर्रे गंजतात.

दुकानात गेलो. मेकॅनिक बोलायला एकदम गोड, "सर, चारही बेरिंग गेल्यात, जपानी टाकून देतो, दोन वर्ष बघायला नको." एकाचे 600, चाराचे 2,400, मजुरी त्यातच. दुसऱ्या दिवशी चाक घेतलं तर लोण्यासारखं फिरत होतं. वर त्याने छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन गंजक्या बेरिंग हातावर ठेवल्या, "बघा सर तुमची हालत, बाकीच्या दोन तर काढतानाच फुटल्या." मला तर हा माणूस एकदम प्रामाणिक वाटला, न मागता जुना माल परत देतो म्हणजे काय! मी ती पिशवी घरी आणून टीव्हीच्या शेजारी ठेवली, बायकोला दाखवली, आणि आमच्या सायकलच्या ग्रुपवरच्या चार जणांना सांगितलं की बेरिंगचं काम असेल तर डोळे झाकून इथेच जा. हे चार जण मला आजही टोमणे मारतात आणि मी ऐकून घेतो.

तीन आठवड्यांत खरखर परत.

पुन्हा गेलो. "पाणी मारलं असेल सर तुम्ही." आता मी खरंच मारलं होतं ना एकदा, त्यामुळे तोंडच उघडेना. 1,800 घेतले, "दोनच गेल्यात, यावेळी वॉटरप्रूफ ग्रीस टाकलंय." खेळ अजून थोडा जाणवतोय म्हटलं तर "तेवढा नॉर्मल असतो, थ्रू एक्सलमध्ये राहतोच." थ्रू एक्सल म्हणजे हबमधून आरपार जाऊन फ्रेमला आवळायचा दांडा. हे वाक्य कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. सील्ड बेरिंग नीट बसली असेल आणि एक्सल आवळलेला असेल तर हाताला जाणवेल असा खेळ राहायला नको, पण मला तेव्हा काय माहीत. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा 1,350. प्रत्येक वेळी पैसे जीपेने, बिल मागितलं की "पक्कं पाहिजे तर वर 18 टक्के लागतील सर", आणि मी लगेच राहू दे राहू दे.

ऑक्टोबरला चौथ्यांदा गेलो तेव्हा तो म्हणाला हबची बॉडीच खाल्लीये, बेरिंग कितीही टाकल्या तरी टिकणार नाहीत, नवीन हब घालून चाक बांधून देतो, 16,500. आता असं होतं हे खरं आहे, बेरिंग जिथे घट्ट बसते ती जागा सैल झाली, अंगठ्याने दाबून बेरिंग आत जायला लागली की हब वाया जातो. म्हणून मला खोटंही वाटलं नाही. फक्त आकडा ऐकून घशाला कोरड पडली आणि चाक घेऊन घरी आलो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, अंबडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते, आता रिटायर. त्यांना सायकलीतलं काही कळत नाही पण बेरिंग म्हटलं की चहा ठेवून उठतात. मी कौतुकाने ती टीव्हीजवळची पिशवीच आधी दाखवली. काकांनी एक बेरिंग पँटला पुसली, चष्मा कपाळावर नेला, डोळ्याजवळ धरून नंबर वाचला आणि विचारलं, "अरे, तुझा एक्सल केवढा आहे?"

म्हटलं 12 मिमी, फ्रेमवर लिहिलंय की.

"तो बाहेरून घालायचा दांडा. बेरिंग ज्याच्यावर बसते ती नळी केवढी?" काकांनी माप घ्यायचा व्हर्निअर लावला, हबची पोकळ नळी बाहेरून 15 भरली. मग त्या गंजक्या बेरिंगला आतून लावला, 12. नंबर होता 6001.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की बेरिंगच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे म्हणजे आतल्या भोकाचं माप. 00 म्हणजे 10 मिमी, 01 म्हणजे 12, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17, आणि 04 पासून पुढे सरळ पाचने गुणायचं. माझ्या हबला लागते 6902, म्हणजे आत 15, बाहेर 28, जाडी 7. आणि 6001 आत 12, बाहेर 28, जाडी 8. बाहेरचं माप सेम टू सेम! म्हणून हातात घेऊन कुणालाच शंका येत नाही. काका म्हणाले, "ही तुझ्या चाकात कधी गेलेलीच नाही, जाऊच शकत नाही." पाच महिने मी कुठल्यातरी मोटरमधलं भंगार शोकेसला लावून बसलो होतो.

मग चाक उघडलं. हबच्या बॉडीतल्या दोन्ही बेरिंग 6902, म्हणजे कंपनीतून आलेल्या मूळच्याच, कधी बाहेर काढलेल्याच नाहीत. सीलच्या कडेला कटरचं टोक घालून उचकटल्याची खूण स्पष्ट दिसत होती, रबर तिथे मुडपलेलं, आणि आत लाल ग्रीस गच्च कोंबलेलं. ग्रीस पुसून छर्रे बघितले तर खड्डे पडलेले. म्हणजे जादू एवढीच, खराब बेरिंगमध्ये जाड ग्रीस भरलं की आवाज दबतो, हाताला गुळगुळीत लागतं, आणि दोन-तीन आठवड्यांत ग्रीस सरकलं की घरघर परत सुरू. खेळ तर तसाच राहणार, म्हणून ते "नॉर्मल असतो". फ्रीहबमध्ये एक बेरिंग मात्र बदललेली निघाली, तीही बिननावाची, झेडझेडवाली. पत्र्याची झाकणं असलेली, जी धूळ अडवते पण पाणी नाही, चिखलात चालणाऱ्या चाकाला दोन्हीकडे रबर सील असलेली टूआरएसच पाहिजे. आणि तीसुद्धा आतल्या रिंगवर हातोडी मारून बसवलेली, पत्र्यावर पोचे दिसत होते. बाहेरची रिंग घट्ट बसत असेल तर जोर बाहेरच्या रिंगवरच द्यायचा, आतल्या रिंगवर ठोकलं की तो सगळा मार छर्‍यांमधून जातो आणि नवीन बेरिंग पहिल्याच दिवशी मेली म्हणून समजा.

हबची बॉडी? ठणठणीत. नवीन बेरिंग हाताने जाईना, काकांनी थ्रेडेड रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि बाहेरच्या रिंगच्या मापाचा सॉकेट लावून हळूहळू ओढून बसवल्या. चारही बेरिंग औद्योगिक माल विकणाऱ्या दुकानातून घेतल्या, नावाच्या कंपनीच्या, टूआरएस, बिलासकट 1,140 रुपये. बिलावर नंबर छापलेला, दोन 6902 आणि फ्रीहबच्या दोन 6802.

त्या रात्री ग्रुपवर विचारलं, त्या दुकानातून कुणाला जुन्या बेरिंग दिल्यात का. दोघांनी फोटो टाकले. एकाच्या 6001. दुसऱ्याच्या गंजाने वाचता येईनात, पण भोक 12 चंच, आणि त्याच्याही हबची नळी 15 ची.

आता मी चाक कुठेही दिलं तर आधी सीलवर पर्मनंट मार्करने बारीक टिंब करतो आणि फोटो काढतो. सील उलटी करून बसवली तरी टिंब कुठेतरी सापडतंच. नवीन बेरिंगची डबी समोर फोडायला सांगतो आणि बिलावर नंबर लिहून घेतो. मेकॅनिक चांगला असेल तर त्याला याचा राग येत नाही. आता ज्याच्याकडे जातो तो मुलगा तर म्हणतो, "दादा, तुम्हीच धरा ना जरा इकडून."

त्या दुकानात मी गेलोच शेवटी. मालकाला म्हटलं 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकतोय. तो हसला नाही पण घाबरलाही नाही, त्याला माहीत होतं माझ्याकडे तीन जीपेच्या एंट्री सोडून कागद नाही. मग मी ग्रुपवरचे फोटो दाखवले तेव्हा आवाज खाली आला, "पोराने चुकून दुसऱ्या दिल्या असतील सर." बरीच घासाघीस होऊन 3,000 परत दिले, बाकीचे मजुरीचे म्हणे. आमचं हे चालू असताना माझी पिशवी काउंटरवर पडलेली होती. कामाच्या पोराने सवयीने ती उचलली, खालचा पत्र्याचा डबा ओढला आणि आत टाकली. आत तसल्याच चार-पाच पिशव्या होत्या.

मी म्हटलं, ती माझी आहे, इकडे दे. पोराने मालकाकडे बघितलं.