नेक बदलला आणि सातव्या फ्रेटचा डी परत आला

माझी इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची, बोल्ट-ऑन मेपल नेक (तारांखालचा लांब दांडा), त्यावर रोझवूडचा फ्रेटबोर्ड (बोटं ठेवायची फळी), तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन टिपणारे). बाकी माहिती सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय ते तिसऱ्या, म्हणजे जी तारेच्या सातव्या फ्रेटबद्दल (फ्रेट म्हणजे फळीवरची धातूची आडवी पट्टी).

तिथला डी हा सूर छेडला की ठोका खणखणीत येतो आणि लगेच आवाज बसतो. आठव्या फ्रेटवर सूर आरामात टिकतो, सहाव्यावरही. तोच डी बी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर मस्त लांबतो. ए मायनर पेंटॅटॉनिक (पाच सुरांची सरगम) वाजवणाऱ्याला विचारा, थांबायची हक्काची जागा तीच, आणि तीच मेलेली.

जिथून घेतली त्या दुकानानं तारा बदलल्या, अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वाढवली, सेटअपचे पैसे लावले. डी तसाच. परत गेलो तर म्हणे अ‍ॅम्प तपासा. अहो, अ‍ॅम्पला न जोडताही ऐकू येतंय! शेवटी उत्तर मिळालं की आवाज वॉरंटीत बसत नाही. याचा राग अजून गेलेला नाही, कारण हा दोष चक्क मोजता येतो. म्युनिकचे हेल्मुट फ्लायशर यांनी इलेक्ट्रिक गिटारचे असे डेड स्पॉट मोजून दाखवलेत. तारेबरोबर नेकही हलतो. जिथे तारेची कंपनसंख्या नेकच्या स्वतःच्या कंपनसंख्येशी जुळते आणि नेक त्याच जागी सहज हलतो, तिथे तारेची ताकद लाकडात जाते. माझ्या डीची कंपनसंख्या साधारण २९४ हर्ट्झ, आणि माझा नेक तिथेच डोलत होता.

मी नाशिकच्या अंबडला टूलरूममध्ये काम करतो. एक छोटा सी-क्लॅम्प घरी आणला, रुमालाची घडी घालून हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्यांच्या टोकाला) आवळला. डी जिवंत! पण आता सहाव्या फ्रेटचा सी शार्प बसायला लागला. हेडस्टॉकला वजन वाढलं, नेकची कंपनसंख्या उतरली, डेड स्पॉट एक फ्रेट खाली सरकला. दुकानात हे कुणाला करून बघावंसं वाटलं नाही.

मग साडेदहा हजार घालून रोस्टेड मेपलचा नेक बसवला. हे लाकूड ऑक्सिजन कमी ठेवून भाजलेलं असतं, त्यामुळे हवेतला ओलावा कमी शोषतं. बॉडी, पिकअप, तारांचा गेज तोच. सातवा फ्रेट आता स्वच्छ वाजतो. बाराव्याच्या आसपास एक सूर किंचित लवकर विरतो, तो चालतो मला.

पहिल्या आठवड्यात मित्रांना सांगत होतो की आवाज उजळ झालाय. नंतर दोन्ही नेकची रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकली आणि ते विधान मागे घेतलं. भरल्या कॉर्डमध्ये फरक सांगता येत नाही, लांब ठेवलेल्या एकेका सुरात येतो. मेपल चमकदार आणि महॉगनी उबदार असं सर्रास म्हणतात, पण महॉगनीचा नेक बहुतेक वेळा ज्या गिटारला असतो तिचा स्केल (तारेची मोकळी लांबी) ६२८ मिलिमीटर असतो आणि पिकअप हमबकर (दोन कॉइलचे), आपल्या स्ट्रॅटचा स्केल ६४८ आणि पिकअप सिंगल कॉइल. श्रेय एकट्या लाकडाला कसं द्यायचं? माझ्या मते जातीपेक्षा त्या विशिष्ट तुकड्याचा ताठपणा आणि वजन बघावं. एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या निघत नाहीत.

लाकडाची निवड खरी कळते ती नाशिकच्या हवेत. जुन्या नेकचा फ्रेटबोर्ड एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसायचा आणि फ्रेटची टोकं कडेनं बाहेर यायची, स्लाइड घेताना तर्जनीच्या बुडाशी कातडी सोलायची. जुलैत तोच नेक फुगायचा, ट्रस रॉडला (नेकमधल्या सळईला) पाव फेरा द्यावा लागायचा. नव्या नेकला फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून बघतोय. आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटरचा रिलीफ (नेकचा किंचित बाक) होळीत होता, गणपतीतही तेवढाच आहे. टोकंही आत आहेत. साडेदहा हजार मला खूप वाटले होते, या एका गोष्टीनं वसूल झाले.

घेणार असाल तर दुकानात अ‍ॅम्प बंद ठेवा. जी तारेवर तिसऱ्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर छेडून पूर्ण विरेपर्यंत ऐका, मग डी तारेवर तेच. विक्रेता घाई करेल, करू दे. एखादा सूर बसला तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा, आणि जो नग वाजवून बघितला त्याचाच सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या.