विमानं दिसेनाशी झाली: अडॅप्टर, कार्ड, केबल की डोंगल?

गच्चीवर अँटेना, जिन्याच्या खोलीत रास्पबेरी पाय (छोटासा एकबोर्डी कॉम्प्युटर, पुढे नुसता ‘पाय’) आणि त्याला खोचलेला डोंगल, म्हणजे यूएसबीचा छोटा रेडिओ रिसीव्हर. विमानं स्वतःची जागा कळवत १०९० मेगाहर्ट्झवर जे एडीएस-बी संदेश पाठवतात ते पकडणारा असा संच घरी एकदा बसवला की तो महिनोन्‌महिने मुकाट चालतो, आणि मग कधीतरी नकाशा रिकामा दिसतो. अशा वेळी बहुतेकांचा हात थेट नव्या डोंगलच्या ऑर्डरकडे जातो. माझं मत उलट आहे. कोल्हापूरचा पाऊस आणि इथलं लाईटीचं येणं-जाणं बघता डोंगलवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. त्याआधी अडॅप्टर, मेमरी कार्ड आणि केबलची टोकं बघावीत. या तिन्ही वस्तू डोंगलपेक्षा स्वस्त आहेत, आणि कुरिअरची वाट न बघता गावात मिळतात.

तिघांपैकी आधी कोण, हे लक्षणावरून ठरतं. घरच्या वायफायवरून पायचा पत्ता उघडून बघा. पानच उघडत नसेल तर वीज किंवा कार्ड. पान उघडतंय पण विमान एकही नाही, तर डोंगल किंवा त्याचं सॉफ्टवेअर. विमानं आहेत पण लांबची गेली, फक्त जवळची उरली, तर केबल आणि अँटेना. आणि घरच्या नकाशावर सगळं जागच्या जागी असून फक्त फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर (आपला डेटा घेऊन विमानांचे नकाशे दाखवणाऱ्या साइट) तुम्हाला ऑफलाइन दाखवत असेल, तर काहीही विकत घेऊ नका. राउटर आणि पाय एकदा बंद करून चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

पान उघडत नाही म्हणजे पाय गेलाच, असंही लगेच धरू नये. लाईट जाऊन आली की राउटर कधीकधी पायला नवा पत्ता देतो आणि आपण जुन्याच पत्त्यावर टकटक करत बसतो. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. पाय त्यात असेल तर तो जिवंत आहे.

अडॅप्टर की कार्ड?

पाय यादीतही नसेल तर हा प्रश्न येतो, आणि माझं उत्तर ठाम आहे: आधी अडॅप्टर. कारण कमी व्होल्टेजवर चालणारा पाय मध्येच रीसेट होतो, तसं झालं की कार्डावर अर्धवट लिहिलं जातं, आणि कार्ड हळूहळू बिघडत जातं. म्हणजे कार्ड गेलेलं असलं तरी त्यामागे अडॅप्टर असू शकतो. नवं कार्ड जुन्या अडॅप्टरवर लावलं तर तेही त्याच वाटेनं जाणार.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात, पाय ३ ला २.५ अँपिअर. मोबाइलच्या फास्ट चार्जरवर मोठा आकडा लिहिलेला असतो, पण ते वॉट जास्त व्होल्टेजवर मिळतात. साध्या ५ व्होल्टवर तो बऱ्याचदा २ अँपिअरच देतो. त्यात चार्जिंगची लांब, बारीक वायर असली की पायपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज आणखी खाली येतं. खात्री करायला मीटरही लागत नाही. बोर्डावरचा लाल दिवा बघा. पाय ३ आणि ४ वर व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की तो विझतो. दिवा मधूनच मिचकत असेल तर दुसरं काही तपासण्यात वेळ घालवू नका, अडॅप्टर बदला, आणि वायर त्याच्याच अंगची असलेला घ्या.

लाल दिवा स्थिर आहे पण शेजारचा हिरवा दिवा सुरुवातीला लुकलुकतच नाही, तर कार्ड वाचलं जात नाहीये. कार्ड जाण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे आणि ती जास्त फसवी. संच चालू होतो, तुम्ही एखादी सेटिंग बदलता, ती जतन झाल्याचं दिसतं, आणि रीबूट केल्यावर सगळं पुन्हा पहिल्यासारखं. कार्डानं लिहून घेणं बंद केलेलं असतं, नुसतं वाचू देतं. हे दिसलं की त्या कार्डाची दुरुस्ती करत बसू नये.

नवं कार्ड घेताना साधं मोठ्या क्षमतेचं घ्यायचं की सीसीटीव्ही, डॅशकॅमसाठी मिळतं ते हाय एन्ड्युरन्स? मी दुसरंच सांगेन. १६ किंवा ३२ जीबी पुरून उरतं, आणि या कामात जागेपेक्षा सतत लिहिण्याचा ताण सोसणं महत्त्वाचं.

कार्ड नव्यानं भरण्याआधी जुन्या कार्डातून दोन गोष्टी काढून ठेवाच: फ्लाइटअवेअरचा फीडर आयडी आणि फ्लाइटरडार२४ ची शेअरिंग की. आयडी हरवला तर फ्लाइटअवेअर तुमच्या रिसीव्हरला नवीन साइट समजतं आणि जुना सगळा इतिहास वेगळा पडतो. जुनं कार्ड लिहून घेत नसलं तरी वाचता येतंय, तोवर हे काम उरकून घ्यावं. संच धडधाकट असतानाच हे दोन्ही कागदावर लिहून पायच्या डब्यात चिकटवून ठेवलं तर फारच चांगलं.

लाईट जाण्यावर उपाय काय, घरच्या इन्व्हर्टरची लाईन की राउटरसाठी मिळतो तो छोटा डीसी यूपीएस? इन्व्हर्टर घरात असेलच तर पाय आणि राउटर दोन्ही त्याच लाईनीवर घ्या. छोट्या यूपीएसचा यूएसबी पोर्ट बऱ्याचदा २ अँपिअरचाच असतो. पाय ४ आणि डोंगलला तो अपुरा पडतो, आणि पुन्हा तेच कमी व्होल्टेजचं दुखणं मागे लागतं.

डोंगल गेला की नुसता रुसलाय?

पान उघडतंय, नकाशा आहे, विमानं शून्य. इथे घाईत पैसे जातात. पायवर लॉगिन करून एलएसयूएसबी ही आज्ञा द्या. यादीत रिअलटेकचं नाव दिसलं तर डोंगल यूएसबीला सापडतोय. मग पायअवेअर (फ्लाइटअवेअरचं पायसाठीचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याची स्टेटस आज्ञा द्या; डंप१०९० (डोंगलकडून आलेले संदेश उलगडणारा प्रोग्रॅम) चालू आहे का आणि ३०००५ या पोर्टवर डेटा येतोय का, हे ती सरळ सांगते.

डोंगल सापडतोय पण प्रोग्रॅमला उघडता येत नाही, हा प्रकार सॉफ्टवेअर नव्यानं टाकल्यावर हमखास होतो. हे डोंगल मुळात टीव्ही बघण्यासाठीच्या आरटीएल२८३२यू चिपवर बनलेले. ते रेडिओ म्हणून वापरता येतात हे २०१२ मध्ये सगळ्यांना कळलं. लिनक्स मात्र अजूनही त्याला टीव्ही ट्यूनर समजून आपला ड्रायव्हर लावू बघतं आणि डोंगल अडवून ठेवतं. तो ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केला, म्हणजे लिनक्सला तो लावायची मनाई केली, की काम झालं. खर्च शून्य. पायअवेअरच्या तयार कार्डात ही सोय आधीच केलेली असते, म्हणून ज्यांना आज्ञा टाइप करण्याची हौस नाही त्यांनी ही कार्डावर उतरवायची तयार फाइल, म्हणजे इमेजच घ्यावी. रास्पबेरी पायची साधी सिस्टीम टाकून त्यावर रीडएसबी हा डंप१०९० सारखाच प्रोग्रॅम बसवायचा, हा मार्ग एकाच संचातून अनेक साइटना डेटा द्यायचा असेल आणि बारकाईनं मोजमाप करायची आवड असेल त्यांच्यासाठी.

अँटेनाजवळ अ‍ॅम्प्लिफायर लावलेला असेल तर आणखी एक जागा बघा. त्याला वीज केबलमधूनच, डोंगलच्या ‘बायस टी’मधून (केबलवर वीज सोडणारी सोय) जाते. कार्ड नव्यानं भरलं की बायस टीची सेटिंग बंद होऊन बसते, आणि वीज नसलेला अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल वाढवायचं सोडून अडवतो. नवं कार्ड टाकलं आणि विमानं गेली, असं ज्यांच्याकडे होतं त्यांनी पहिल्यांदा इथेच बघावं.

डोंगल खरोखर जातो तो बहुधा एप्रिल-मे मध्ये, वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा. वीज अँटेनावरच पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी केबलवर येणारा झटका ट्यूनरचं पुढचं तोंड जाळायला पुरतो. अशा वेळी डोंगल यूएसबीला दिसतो, प्रोग्रॅम तक्रार करत नाही, संदेश मात्र येत नाहीत. खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. गच्चीवरून आलेली केबल काढा आणि डोंगलला थेट एक छोटी अँटेना लावून तो खिडकीत ठेवा. घरची तार वापरायची तर साधारण ६.९ सेंटिमीटर लांबीची, १०९० मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग. मुंबई-बंगळूर मार्गावरची विमानं कोल्हापूरच्या पूर्वेकडून उंचावरून जात असतात, त्यामुळे पूर्वेकडची खिडकी मिळाली तर उत्तम. थोड्या वेळात एखादंही विमान उमटलं तर डोंगल शाबूत आहे. दोष गच्चीपासून खालपर्यंतच्या केबलीत शोधा. भरपूर वेळ देऊनही काहीच आलं नाही, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच, तरच नवा डोंगल.

विमानं आहेत, पण कमी

कोल्हापूरकरांचा सगळ्यात जास्त छळ हा प्रकार करतो, आणि तो एका रात्रीत होत नाही. साधारण ३५,००० फुटांवरचं विमान मोकळ्या क्षितिजावर ४०० किलोमीटरपर्यंत ऐकू यायला हवं. मुंबई आपल्यापासून सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे चांगल्या गच्चीवरून मुंबईच्या पलीकडची उंचावरची विमानंही पकडता येतात. हा पल्ला जूनपासून हळूहळू आत सरकत गेला आणि ऑगस्टपर्यंत निम्म्यावर आला, तर केबलच्या टोकात पाणी शिरलंय असं समजा. पन्हाळा-जोतिबाच्या दिशेला पल्ला आधीपासूनच कमी असेल तर तो डोंगराचा आडोसा असू शकतो, बिघाड नव्हे. म्हणून संच चांगला चालत असताना नकाशाचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवावा. पुढे तुलना त्याच्याशीच करायची असते.

पाऊस उघडला की गच्चीवर जा आणि अँटेनाखालच्या कनेक्टरवरची टेप सोडवा. साधी काळी इलेक्ट्रिकल टेप लावलेली असेल तर तिचा गोंद उन्हानं पातळ होऊन कडेनं ओघळलेला दिसेल आणि टेपच्या आत ओल साचलेली असेल. एफ कनेक्टर फिरवून काढा. मधली तार लालसर तांब्याची न दिसता काळी-हिरवी पडलेली, आणि बाहेरच्या जाळीवर बोटाला लागणारी पांढरी भुकटी, असं दिसलं तर निदान झालं. तेवढं टोक छाटून भागेल का, हे सोलून बघा; जाळी आत हातभर काळी पडत गेली असेल तर अख्खी केबल बदला. मल्टिमीटर असेल तर केबलची दोन्ही टोकं सोडवून मधली तार आणि जाळी यांच्यात रोध मोजा. काहीच दाखवायला नको. काही किलोओहम दाखवत असेल तर आत पाणी आहे.

केबल बदलायचीच तर कोणती? आरजी५८ बारीक आणि वळवायला सोपी, पण या फ्रिक्वेन्सीला दहा मीटरमध्ये तिच्यात ५-६ डेसिबल जातात, म्हणजे तीन चतुर्थांश ताकद वाटेतच संपते. डिशची आरजी६ तेवढ्याच लांबीत साधारण २ डेसिबल खाते, स्वस्त आहे आणि कुठल्याही केबलवाल्याकडे मिळते. ती ७५ ओहमची आणि डोंगल ५० ओहमचा, याची धास्ती घेण्याचं कारण नाही. त्यातून होणारं नुकसान नगण्य आहे. एलएमआर४०० याहून चांगली, पण जाड, ताठ आणि महाग. दोन मजली घरासाठी मी आरजी६ च सुचवेन. दुकानात मात्र स्पष्ट सांगा, “दादा, कॉम्प्रेशनचा एफ कनेक्टर द्या, फिरवून बसवायचा नको.” फिरवून बसवायचा सैल राहतो आणि आपल्या पावसाला वाट करून देतो. वरून स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.

केबल कोरडी ठणठणीत असूनही पल्ला कमी झाला असेल, तर आजूबाजूला नवा मोबाइल टॉवर आलाय का बघा. ९०० मेगाहर्ट्झचा जोरदार सिग्नल डोंगलला बधिर करतो. आधी डोंगलचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ती सेटिंग) कमी करून बघा, ते फुकट आहे. त्यानं फरक पडला तर १०९० चा फिल्टर घेणं सार्थकी लागेल.

एवढी खटपट कशासाठी, असं घरचे विचारतात. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणारं विमान शेवटच्या टप्प्यात इतकं खाली असतं की पृथ्वीच्या वक्रतेमुळे पुण्याच्या किंवा गोव्याच्या रिसीव्हरला ते ऐकूच येत नाही. ते इथलाच रिसीव्हर ऐकू शकतो. शिवाय जी विमानं आपली जागा स्वतः कळवत नाहीत, त्यांची जागा एमलॅटनं, म्हणजे वेगवेगळ्या रिसीव्हरना संदेश पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून, काढायला किमान चार रिसीव्हर लागतात. त्यातला एक बंद पडला तर इतर तिघांचं कामही थांबू शकतं. म्हणून संच लवकर उभा करणं मला महत्त्वाचं वाटतं.

पाय दुरुस्त करायचा की जुना लॅपटॉप लावायचा?

पाय खरोखरच गेला असेल तर नवा घेण्याआधी कपाटातला जुना लॅपटॉप आठवतो. त्याची बॅटरी शाबूत असेल तर लाईट गेल्याचा त्रास नाही, आणि हार्ड डिस्क कार्डासारखी चटकन दगा देत नाही. वीज मात्र जास्त खातो. पाय आणि डोंगल मिळून ५ वॉट धरले तर महिन्याला ३.६ युनिट, लॅपटॉप २० वॉटवर राहिला तरी १४.४. निदान होईपर्यंत, महिना-दोन महिने, लॅपटॉप चांगला. कायमसाठी पायच, आणि त्यातही जुना पाय ३ कुणाकडून मिळत असेल तर तो घ्या. या कामाला पाय ४ ची ताकद लागत नाही.

नवा डोंगल घ्यायची वेळ आलीच, तर दोन पर्याय समोर ठेवा. गावात टॉवरच्या जवळ राहत असाल तर आत फिल्टर असलेली फ्लाइटअवेअरची निळी प्रो स्टिक प्लस. गावाबाहेर मोकळ्यावर राहत असाल, किंवा उद्या विमानांव्यतिरिक्त दुसरं काही ऐकायची इच्छा असेल, तर आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा डोंगल. निळ्या स्टिकचा फिल्टर १०९० सोडून बाकी सगळं अडवतो. ब्लॉगच्या व्ही४ ला मात्र नवा ड्रायव्हर लागतो. जुन्या कार्डावर तो तसाच खोचला तर यूएसबीला दिसेल आणि विमान एकही येणार नाही, म्हणून आधी सॉफ्टवेअर अद्ययावत करा, मगच डबा उघडा.