कादाकेसमधला हिवाळी मुक्काम: गाव उत्तम, पण घर पारखून घ्या

स्पेनच्या ईशान्य टोकाला, फ्रान्सच्या सीमेजवळ असलेलं कादाकेस उन्हाळ्यात माणसांनी फुलून जातं. 6 जानेवारीचा तीन राजांचा सण आटोपला की तेच गाव निवांत होतं, ते थेट ईस्टरपर्यंत. वाचन, लेखन आणि रोजचं लांब चालणं एवढंच हवं असेल, तर या काळात एका महिन्याच्या मुक्कामाला इतकं चांगलं गाव सहज सापडणार नाही. मात्र मुक्काम सुखाचा होणार की नाही, हे घरावर ठरतं.

इथली बरीचशी घरं उन्हाळ्यापुरती वापरात असतात. जाड दगडी भिंती महिनोन् महिने गार राहतात आणि ओल धरतात. दुपारी बाहेर 12-13 अंश असतात, तरी बंद घरात त्याहून जास्त थंडी वाजते. म्हणून भाडं ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा: घराला दक्षिणेचं ऊन मिळतं का, गरम हवा देणारा एसी आहे का, आणि विजेचा मंजूर भार किती. स्पेनमध्ये 3.45 किलोवॅटची जोडणी सर्रास आढळते. 2 किलोवॅटचा हीटर आणि दीड किलोवॅटचा गिझर एकदम लावला, त्यात इंडक्शनची शेगडी सुरू झाली, की वीज गेलीच. अशा वेळी आधी एखादं उपकरण बंद करावं, मग मुख्य स्विच खाली करून काही सेकंदांनी वर करावा. एसी तेवढीच ऊब साधारण एक तृतीयांश विजेत देतो, त्यामुळे नुसत्या हीटरवर चालणारं घर स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. वीज भाड्यात धरली आहे की वेगळी, हे लेखी घ्या. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस घर तापायला जातात. रोज दुपारी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या नाहीत, तर कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास येऊ लागतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. उत्तरेचा ट्रामुंताना वारा पिरेनीज पर्वतरांगेच्या टोकावरून खाली उतरतो. त्याचे झोत ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जातात आणि कधी कधी तो सलग काही दिवस थांबत नाही. आकाश मात्र लख्ख असतं, हवा कोरडी असते आणि कपडे तासाभरात वाळतात (चिमटे दुप्पट लावावेत). उत्तरेकडे तोंड असलेल्या झोपायच्या खोलीत त्या रात्री झोप लागत नाही. पूर्वेचा वारा आला की पाऊस, लाटा आणि ओल.

वारा नसेल तेव्हा शेजारच्या पोर्तलिगात वस्तीमार्गे काप दे क्रेउस या भूशिरावरच्या दीपगृहापर्यंत चालत जा. एका बाजूचं अंतर साधारण 7 किलोमीटर आहे. वाट खडकाळ, सावली नाही. पकड असलेले बूट, पाणी आणि डबा बरोबर असू द्या. डिसेंबरात साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा सकाळीच निघावं. वाटेतल्या दगडी बांधांच्या उतारांवर पूर्वी द्राक्षमळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा किडीने ते संपवले, बांध तेवढे उरले. पोर्तलिगातचं चित्रकार साल्वादोर दालीचं घर जानेवारीत काही आठवडे बंद असतं. एरवीही आत छोटे गट सोडतात, तिकीट आधीच काढावं लागतं.

खाण्याची सोय मध्यम आहे. हिवाळ्यात बरीच हॉटेलं बंद असतात, तेव्हा स्वयंपाकघर नीट असलेलंच घर घ्या. शाकाहारी माणसाला टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेल्या वांगी-ढोबळी मिरच्यांची एस्कालिवादा मिळते. डाळी आणि मसाले मात्र बार्सिलोनातूनच आणावेत. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे, आणि जानेवारी ते मार्च समुद्री साळूचा (सी अर्चिन) हंगाम असतो.

कादाकेसला येताना बार्सिलोनाहून फिगेरेस शहरापर्यंत रेल्वेने जाणार असाल, तर स्थानक नीट बघा. वेगवान गाडी तासाभरात पोहोचते, पण ती गावाबाहेरच्या विलाफांतला थांबते. साधी गाडी सुमारे दोन तास घेते, पण गावातल्या स्थानकावर, बसतळाजवळ उतरवते. पुढे कादाकेसपर्यंत बसने घाटातून तासभर. हिवाळ्यात बसफेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून आधी बसची वेळ बघा आणि मग रेल्वेचं तिकीट काढा.