छोट्या वाचनालयाने पैसा कुठून उभा करावा? शासनाचं अनुदान, गावाची वर्गणी आणि बाकीच्या वाटा

गावात वाचनालय आहे, चार-सहा कपाटं पुस्तकं आहेत. सकाळी पेपरला दहा-बारा जण येतात, संध्याकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं बसतात. पण वीजबिल भरायचं कुणी, हा प्रश्न दर महिन्याला उभाच. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अशी वाचनालयं आहेत आणि त्यांच्या बैठकीत एक वाद हमखास रंगतो: शासनमान्यतेच्या मागे लागायचं, की गावातूनच पैसा उभा करायचा? की एखाद्या कंपनीचं दार ठोठवायचं? त्या वादात बसलेल्या चिटणीस-खजिनदारांसाठी हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. आधी गावाचा पैसा, मग शासनाचा, मग कंपनीचा. याला कारण आहे. वाचनालयाला दोन तऱ्हेचा पैसा लागतो. खोली, कपाटं, पंखे, संगणक यांना एकदाच लागतो. ग्रंथपालाचं मानधन, वीज, वर्तमानपत्रं यांना दर महिन्याला लागतो. बाहेरून मिळणारा बहुतेक निधी पहिल्या कामासाठी असतो. वाचनालयं बंद पडतात ती मात्र दुसऱ्यापायी. नवी कोरी इमारत आणि तिला कुलूप, हे चित्र आपल्याकडे नवं नाही.

सगळ्या वाटांआधीचा अडसर

कुठलाही निधी मागायला गेलात की पहिल्यांदा मागतात तो धर्मादाय कार्यालयाकडचा परिशिष्ट-१ चा उतारा, ज्याला बोलताना सगळे शेड्युल वन म्हणतात. जुन्या वाचनालयाचा हा उतारा एकदा काढून बघाच. विश्वस्तांच्या यादीत पहिली दोन-तीन नावं दिवंगत माणसांची निघतात, एखादे तात्या मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले असतात, आणि आज जे रोज वाचनालय उघडतात त्यांचं नाव कागदावर कुठेच नसतं. कायद्याच्या दृष्टीने संस्था अजून त्याच जुन्या मंडळींची. मग बँक सह्या बदलून देत नाही, अनुदानाचा अर्ज अडतो, कंपनीवाले फाईल परत पाठवतात.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. वर्षानुवर्षं तो दिलेला नसेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडता येतो. मृत्यूचे दाखले, सभेची नोटीस, इतिवृत्ताची नक्कल, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं एवढं गोळा करायला लागतं. कंटाळवाणं काम आहे, वकिलाची फी आहे, तारखा पडतात. पण खाली ज्या वाटा सांगितल्या आहेत त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकीचा दरवाजा याच कागदाने उघडतो. गावच्या वर्गणीचे पहिले पैसे या कामावर गेले तरी हळहळू नका.

शासनाचं अनुदान आणि गावाची वर्गणी

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. कर्नाटक, तामिळनाडू, केरळ इथे स्थानिक करांबरोबर ग्रंथालय उपकर गोळा होतो, म्हणजे वाचनालयाच्या पैशाला हक्काचा झरा आहे. आपल्या कायद्यात उपकर नाही. ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालण्याचं बंधन कायद्याने शासनावर टाकलं आहे. प्रत्यक्षात शासन त्याच्या कितीतरी पट देतं, पण ते त्या-त्या वर्षाच्या अर्थसंकल्पाच्या मर्जीवर. अनुदान वाढवा म्हणून ग्रंथालय चळवळीला पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागतं, ते यामुळेच.

मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि जिल्हा, तालुका, इतर अशा पायऱ्या. गावातलं वाचनालय सहसा ‘इतर ड’ मध्ये सुरू होतं. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ‘ड’ चे वर्षाला ३० हजारांचे ४८ हजार झाले आणि ‘इतर क’ चे ९६ हजारांचे १ लाख ५३ हजार ६००. अर्ज करण्यापूर्वी चालू दर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून विचारून घ्या.

आता हे ४८ हजार जवळून बघू. निम्मे वेतनासाठी, निम्मे वेतनेतर खर्चासाठी. म्हणजे ग्रंथपालाच्या वाट्याला वर्षाचे २४ हजार, महिन्याचे २ हजार. दिवसाला सत्तर रुपयेही पडत नाहीत. ज्या बाई किंवा जे भाऊ रोज कुलूप काढतात, झाडून घेतात, देवघेव नोंदवतात, त्यांच्या हातात हे पडतं. उरलेल्या २४ हजारांत पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, लेखापरीक्षणाची फी. शिवाय अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत असतं. पूर्ण ४८ हजार पदरात पाडायचे तर खर्च सुमारे ५३ हजारांचा दाखवावा लागतो, आणि वरचे पाच हजार संस्थेचे स्वतःचे हवेत. पैसा हप्त्यांनी येतो. हप्ता लांबला तरी पेपरवाला थांबत नाही.

दुसऱ्या बाजूला गाव. शंभर घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर वर्षाचे ६० हजार होतात, ‘ड’ वर्गाच्या या ४८ हजारांहून जास्त. हा नुसता हिशेब झाला. दर महिन्याला शंभर दारं हिंडायला माणूस मिळत नाही. म्हणून वर्षाचे सहाशे एकदम घ्यावेत, आणि त्यासाठी खान्देशात दोन मुहूर्त आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. श्रावणात नागपंचमीनंतर खान्देशची कुलदेवता कानबाई बसते, तेव्हा तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, सुरत, उधना, नाशिक, पुणे, कल्याणहून भाऊबंद झाडून गावी येतात. एरवी फोनवर ‘बघू’ म्हणणारा माणूस कानबाईच्या दिवशी पारावर पावतीपुस्तक दिसलं की खिशात हात घालतो, कारण शेजारच्या भाऊबंदाचं नाव आधीच लिहिलेलं असतं. पावतीवर नाव, वडिलांचं नाव, मोबाईल आणि हल्लीचं गाव लिहा. पुढच्या वर्षी निरोप द्यायला ही यादी सोन्यासारखी असते. दात्यांचा फळा वाचनालयात लावायचा आणि त्याच फळ्यावर मागच्या वर्षीचा खर्चही लिहायचा. पैसा कुठे गेला हे उघड दिसलं की दुसऱ्या वर्षी माणूस विचारत बसत नाही.

वर्गणीचे तोटेही खरे आहेत. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की गाव दोन गटांत विभागतं आणि वाचनालय कुठल्या गटाचं हा प्रश्न निघतो. ज्या साली कापसाला भाव नाही किंवा वादळाने केळी आडवी केली, त्या साली कुणाच्या दारात जायला जीव होत नाही, जाऊही नये. आणि उत्साही माणूस बदलीवर गेला की वसुली थंडावते. एवढं असूनही या पैशाला एक गुण आहे जो दुसऱ्या कुठल्याच निधीला नाही: तो मानधनावर खर्च करा, वीजबिलावर करा, छप्पर गळत असेल तर त्यावर करा, कुणाची परवानगी लागत नाही.

मग अनुदान घ्यायचंच नाही का? घ्यायचं, जरूर घ्यायचं. मान्यता मिळाली की राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या (त्याबद्दल पुढे) योजनांचं, ग्रंथोत्सवाचं, प्रशिक्षणाचं दार उघडतं. ‘क’ साठी हजाराच्या वर, ‘ब’ साठी पाच हजारांच्या वर, ‘अ’ साठी पंधरा हजारांच्या वर ग्रंथ लागतात आणि वर्ग वाढला की रक्कम खरोखर उपयोगी पडेल इतकी होते. पण मान्यतेच्या भरवशावर वाचनालय सुरू करू नका. २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, कागदावरची ग्रंथालयं उघडी पडली, आणि त्यानंतर नव्या मान्यता व वर्गबदल बरीच वर्षं थांबले. खोट्यांची शिक्षा खऱ्यांनी भोगली. त्या काळात जी वाचनालयं तगली ती गावाच्या पैशावर.

ज्यांना आज मान्यता आहे त्यांच्यासाठी एवढंच: दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची), देवघेव नोंदवही, सभासद नोंदवही आणि हजेरीपट रोजच्या रोज भरा. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेली नोंदवही तपासणाऱ्याला पहिल्या पानावर कळते.

कंपनीचा सीएसआर आणि गावचा व्यापारी

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक गाठणाऱ्या कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, यालाच सीएसआर म्हणतात. सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं स्थापन करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, तो अर्जात जरूर लिहा. मात्र पैसे घेणाऱ्या संस्थेकडे प्राप्तिकराची १२-ए (संस्थेच्या करसवलतीची) आणि ८०-जी (देणगीदाराच्या कर वजावटीची) नोंदणी, किमान तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-१ अर्जाने मिळणारा क्रमांक लागतो. १ एप्रिल २०२१ पासून हा क्रमांक सक्तीचा आहे. छोट्या वाचनालयाला एवढं करायला सनदी लेखापालाची फी मोजावी लागते. त्यातून निर्णय घेणारी माणसं मुंबईला बसलेली. मोठा आकडा मिळाला तरी तो एकदाच मिळतो, आणि कंपनीला फोटोत दिसेल अशी वस्तू हवी असते. ग्रंथपालाचं मानधन फोटोत दिसत नाही.

जळगावची डाळमिल, चटईचा कारखाना, तालुक्याचा जिनिंगवाला किंवा सराफ सहसा या कायद्याच्या कक्षेत येत नाही. पण तो ओळखीचा असतो आणि एका भेटीत ‘हो’ म्हणू शकतो. त्याला ठरावीक, मोजता येणारं काम सांगा: वर्षभराची वर्तमानपत्रं तुमच्याकडून, वीजबिल त्यांच्याकडून. ८०-जी असेल तर कर वजावटीचं सांगता येईल, पण २ हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही आणि नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, हेही त्यांना खरं खरं सांगा. छोट्या वाचनालयाने सीएसआरमागे धावण्याआधी असे पाच व्यापारी गाठावेत, असं मी ठामपणे म्हणेन.

इमारत हवी असेल तर

इथे मात्र वर्गणीचा हट्ट नको. आमदार किंवा खासदार निधी आणि ग्रामपंचायत हेच योग्य मार्ग. अडतं ते जागेपाशी. जागा कुणा दात्याच्या तोंडी शब्दावर असेल आणि उतारा त्याच्या मुलांच्या नावावर असेल तर काम होत नाही. ग्रामपंचायतीच्या जागेवर ग्रामपंचायतीची इमारत आणि वाचनालयाला वापराचा लेखी करार, हा त्यातल्या त्यात सुकर रस्ता. ठराव ग्रामसभेत घ्या आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडा तयार होण्याआधी घ्या. आराखड्यात नाव नसलेल्या कामाला पैसा मिळत नाही. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून पगार देता येत नाही, त्यामुळे सरपंचांकडे मानधन मागत बसू नका. मानधनाला ग्रामपंचायतीचा स्वनिधी, म्हणजे तिचं स्वतःचं उत्पन्न, लागतो, आणि तो किती आहे हे घरपट्टीच्या वसुलीवरून कळतं.

पुस्तकं

राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, कोलकाता (स्थापना १९७२) समान निधी (राज्य शासनही वाटा घालतं) आणि असमान निधी (फक्त प्रतिष्ठानाचा पैसा) अशा दोन तऱ्हेच्या योजनांतून ग्रंथ, फर्निचर, बाल विभाग, इमारत यांसाठी मदत देतं. समान निधीतली पुस्तकं निवडलेल्या यादीतून येतात. गावातल्या पोरांना हवी ती स्पर्धा परीक्षेची पुस्तकं त्यात असतीलच असं नाही. ती वर्गणीतून घ्या. असमान निधीत ५०, ६०, ७५, १००, १२५, १५० वर्षं पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयांसाठी वेगळी मदत आहे. खान्देशात जुनी वाचनालयं बरीच आहेत. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय १८७७ सालचं. तालुक्यातल्या, मोठ्या गावांतल्या संस्थांनी आपलं स्थापना वर्ष जुन्या इतिवृत्तातून शोधून काढावं आणि त्या पानाची प्रत जपून ठेवावी.

सातपुड्यातली गावं

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा किंवा साक्री, शिरपूर, चोपडा, यावलच्या अनुसूचित पट्ट्यातल्या गावांसाठी माझा क्रम बदलतो. तिथे वर्गणीआधी पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) ५ टक्के अबंध निधी बघा. आदिवासी उपयोजनेतला हा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात थेट ग्रामपंचायतीकडे येतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण हा त्यातला एक भाग आहे. वाचनालय त्यात बसतं. पाड्यांची ग्रामसभा वेगळी असेल तर ठराव पाड्याच्या सभेतच व्हायला हवा. ठरावात ‘वाचनालयासाठी निधी’ एवढं मोघम लिहू नका. कोणती खोली, किती कपाटं, सौर दिवा हवा का, संध्याकाळी कोण उघडणार, पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला गावातलं कोण बसणार, हे नावानिशी लिहा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) अंदाजपत्रक करायला सोपं जातं आणि पुढच्या सभेत विचारायला गावाकडे कागद राहतो.